लिहायच्या चौकटीले दार बसवलं त्याची गोष्ट

मु. पो. वलगाव, जि. अमरावती
४ नोव्हेंबर २०१२

मोर्शी मुक्कामी असलेले आमचे एकुलते एक साळे, संत्र्याचे नामांकित बागवान, श्रीमान देवमनराव यांसी वलगावच्या खुशालरावाचा दोन्ही हात जोडून रामराम. इकडे तुमच्या बहिणीचे, सुभद्राचे, गुडघे सोडले तर सर्व ठीक. तिकडची खुशाली, म्हणजे मैनावहिनी, बाग, विहीर अन् तुमचा खोकला, या क्रमानं कळवावी. झालं. आता तुमी-आमी बस. चौथीत एका बाकावर बसून एकाच छडीचा मार खाल्लेल्या माणसाले 'तुमी' लिहिताना माझी बोटं अवघडतात. या पत्रातली अक्षरं तुले भोपळ्याएवढी दिसून राहिली असतील. ते मीच मुद्दाम केलं. काहून केलं ते शेवटी कळंल, मधातूनच उडी मारू नको.

परवा तुझा फोन आला होता. सुभद्रानं उचलला. तू तिले इचारलं, अकोल्याचं काय झालं, अन् मी चाचपडत येऊन फोन हाती घेईपर्यंत लाइन कटली. (मोर्शीचं नेटवर्क लय वाईट आहे, मले माहीत आहे.) म्हणून सारं बैजवार लिहून राहिलो. तुले आमच्या अय्युबची पोरगी उज्मा आठवत असंल. अय्युब माझ्यासंगं तीस वर्षं कृषी सहायक होता, आता अकोल्याले माडी बांधून राहते. त्या माडीवर उज्मानं दोन कॉम्प्युटर मांडून 'वावर' नावाची जागा काढली, इंटरनेटवरची. तिथं कोणीही आपलं पान उघडावं अन् लिहावं. काढायचं कारण असं, की आपल्याकडं वाईट वर्षं सुरू झाली तशी मुंबई-दिल्लीची माणसं याले लागली. येतात, बांधावर एक फोटो काढतात, अन् आपल्या तोंडी अशी वाक्यं घालतात की आपल्यालेच वाटते, हा कोण बापा नवीन माणूस. उज्माच्या सख्ख्या मामाच्या तोंडी एकानं 'माझी काळी आई माझ्यावर रुसली' असं घातलं. मामा आयुष्यभर बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. तेव्हापासून उज्मानं 'वावर'वर एकच नियम ठेवला, ज्याचं नाव त्याचाच हात. दुसऱ्याच्या नावानं लिहिलं की पान बंद. हा नियम ऐकून सगळ्यात मोठ्यानं शाबास कोण म्हणालं असंल, तर मीच.

चार वर्षांआधी काचबिंदूनं माझे डोळे नेले. डाव्यानं पोळ्याले राम म्हटला, उजव्यानं दिवाळीले. पण नोकरीत ज्या बोटानं झाडाच्या बुडाशी ओल पाह्यली ते बोट शाबूत होतं, अन् तोंड तर त्याहून शाबूत. तेव्हा मी 'वावर'वर संत्र्याच्या रोगावर लिहाले लागलो. म्हणजे सांगाले लागलो, लिहे प्राजक्ता, आमची सून. पोरगी सोन्यासारखी, पण मराठीत एम. ए. आहे. मी सांगतलं, झाडाच्या बुडातून डिंक येत असंल तर साल खरवडा अन् बोर्डो मलम लावा. तिनं लिहिलं, 'वृक्ष जेव्हा अश्रू ढाळतो, तेव्हा त्याची वेदना समजून घ्या.' लोकायनं वेदना समजून घेतली अन् झाडं वाळून गेली. तुमच्याच तालुक्यातल्या एका बाईचा फोन आला. म्हणे, भाऊ, आठ दिवस झाले, समजून घेतलं, आता लावू काय? त्या दिवशी मी प्राजक्ताले म्हटलं, बाई, तू पोळ्या लाट, नाहीतर महाकाव्य लिही, पण आता माझं मीच लिहितो. (ती रुसली नाही. उलट सुटल्यासारखी हसली. तिलेही डिंकाचा कंटाळा आला होता.)

मग आमच्या पोरानं, शिवमनं, कॉम्प्युटरमध्ये तो पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम टाकून देला. फुकट मिळते. आवाज असा, की सर्दी झालेला हेडमास्तर. म्हणून आमी त्याले मास्तरच म्हणतो. आपण जे अक्षर दाबू ते मास्तर बोलते, जिथं जाऊ तिथलं वाचते. अन् टायपिंगची परीक्षा मी भरतीच्या आधी अमरावतीले देली होती, तेव्हा एका मिनिटात तीस शब्द. माणूस इसरते, बोटं इसरत नाहीत. चार महिने मी राजा होतो. 'वावर'वर लिहाची चौकट साधी होती, शिराचं, लिहाचं, निंघाचं.

अन् ऐन मृगात उज्मानं चौकट बदलली. डोळेवाल्या लोकायले लय आवडली म्हणे. अक्षर जाड करता येते, तिरपं करता येते, रंग देता येते, फोटो टाकता येते. माझा मास्तर त्या चौकटीत शिरला अन् म्हणे, बटन. मी पुढं सरकलो. बटन. आणखी पुढं. बटन. चौदा डाव बटन. कोणतं बटन, कशाचं बटन, याची मास्तरले स्वतःलेच खबर नाही, कारण उज्मानं प्रत्येक बटनावर चित्र काढलं अन् नाव कोणाचंच ठेवलं नाही. मी देवाचं नाव घेऊन एक दाबलं. पंधरा दिवसांनी कळलं की पंधरा दिवस मी लाल अक्षरात, मधोमध, लग्नपत्रिकेसारखा सल्ला देऊन राहिलो होतो. त्याहून वाईट हे, की एकदा आत गेलं की बाहेर येता येत नव्हतं. ज्या कळीनं सगळीकडं पुढं सरकता येते, ती त्या चौकटीत नुसती कोरी जागा सोडे. विहिरीत पडलेल्या बकरीसारखा मी आतल्या आत फिरलो. शेवटी मेन स्विच बंद करून बाहेर आलो, तर लेख विहिरीतच राहिला. अन् चाचपडत छापाचं बटन सापडलं तरी छापलं की नाही तेच कळंना. वर हिरवी पट्टी येते म्हणे. मले हिरवं काय अन् जांभळं काय. म्हणून मी दाबतच राहिलो. एकच लेख अकरा डाव छापला गेला. सातव्या लेखाखाली कोणीतरी लिहिलं होतं, भाऊ, समजलं, लावलं मलम.

मी उज्माले फोन केला. ती सरळ बोलणारी पोरगी, बापावर गेली आहे. म्हणे, चाचा, सबके लिए चल रहा है, दोन हजार माणसं लिहितात, कोणाचीच तक्रार नाही. मी म्हटलं, बेटा, ज्याले चौकटीत शिरताच येत नाही, तो तक्रार लिहीन कशात? तिकडून फोनच कटला. मले वाटलं मोर्शीचं नेटवर्क अकोल्याले पोचलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती वलगावले हजर.

सुभद्रानं तिले पिठलं-भाकर अन् मिरचीचा ठेचा खाऊ घातला. ठेच्यानं तिच्या डोळ्यात पाणी आलंच होतं, तेव्हा मी म्हटलं, आता ते डोळे ओढणीनं बांध, अन् आपल्याच चौकटीत दोन ओळी लिहून छापून दाखव. तिनं बांधले. मी बाजूले सुपारी कातरत बसलो. मास्तर म्हणे, बटन. उज्मा म्हणे, हे जाड अक्षराचं असंल. ते फोटोचं निघालं. मग ती चौकटीत शिरली अन् अडकली. मेन स्विच कुठं आहे ते मी तिले सांगतलं नाही. चाळीस मिनिटांनी तिनं ओढणी सोडली.

"चाचा, घर मीच बांधलं," ती म्हणाली, "अन् मलेच दार सापडून नाही राहिलं."

आवाज ओला होता. (मले दिसत नाही म्हणून लोक माझ्यासमोर रडणं लपवत नाहीत. आंधळेपणाचा हा एक फायदा, अन् एक त्रास.) त्यानंतर पाच आठवडे ती येत-जात राहिली. ती बांधे, मी तपासे. अन् मी कसा तपासतो ते तुले ठाऊक आहे. नोकरीत कोण्या दुकानदाराचं खत मी पहिल्या नमुन्याले पास केलं नाही. उज्माची चौकट मी नऊ डाव नापास केली. एकदा बटनं बोलाले लागली, पण चालू की बंद ते सांगेनात. नापास. एकदा चूक झाली की पडद्यावर लाल होई, बोले काहीच नाही. नापास. पाचव्या डावाले तिनं मले खडूस म्हटलं, सातव्या डावाले मी तिले जिद्दी म्हटलं, अन् सुभद्रानं दोघायलेही चहा देला. दहाव्या डावाले मात्र बापा, प्रत्येक बटन आपलं नाव मराठीत सांगे. 'जाड अक्षर, चालू.' 'यादी, बंद.' बाहेर निंघाले एक कळ, दाबली की मास्तर म्हणे, 'चौकटीबाहेर.' अन् फोटो टाकला तर चौकट स्वतः इचारे, फोटोत काय आहे ते शब्दात लिहा. मी शेजारच्या मोतीरामच्या लिंबाच्या झाडाचा फोटो टाकला होता, तोच घेऊन आला होता. मी त्याले इचारलं, बुवा, फोटोत काय आहे? म्हणे, मी आहे. अन् झाड? म्हणे, आहे ना, मांगं, थोडंसं.

त्या दिवशी मी डिंक्या रोगावरचा लेख पहिल्यापासून परत लिहिला. मथळा घातला, यादी घातली, मोतीराम अन् त्याच्यामागचं थोडंसं झाड घातलं, अन् छापाचं बटन दाबलं. मास्तर म्हणे, 'लेख छापला.' एकदाच. देवमन, मी एकट्यानं खोलीत बसून टाळी वाजवली. चौकट बदलल्यापासून पहिल्यांदा एक काम मी सुरू केलं अन् मीच संपवलं, मधात कोणाचा हात नाही. छाती अशी भरून आली, की सुभद्राले वाटलं हार्टचं काही आहे अन् ती ओवा घेऊन धावत आली.

आता एक गोष्ट सांगाची राहिली, अन् पुढचं रामायण तिच्यावरच आहे. मास्तरचा आवाज ऐकाले लोक कानावर झाकणं लावतात. मले ते जमत नाही. डोळे गेले, आता कानही झाकून ठेवू काय? म्हणून मी दोन स्पीकर लावले. टेबलावर सुभद्राचे पापड, म्हणून स्पीकर खिडकीत. खिडकी गल्लीत. तेव्हा मी जे अक्षर दाबतो ते अख्खी गल्ली ऐकते. सुरुवातीले लोक वैतागले. मग सवय झाली. मग गोडी लागली. समोर पंचफुलाबाईचं बांगड्यायचं दुकान, ती गिऱ्हाइकाचा हात हातात धरून ऐकत बसते. चुकलो की ओट्या-ओट्यावरून आवाज येते, खोडा, खोडा. त्याच डिंक्याच्या लेखात मी नादानादात बोर्डो मलमाले मोरचूद एक किलो अन् चुना दोन किलो लिहिलं, तर पंचफुलाबाई तिकडून ओरडली, भाऊ, मागच्या बारीले तर चुनाही एकच किलो होता. बरोबर होतं तिचं. तीस वर्षं कृषी खात्यात काढलेल्या माणसाले बांगडीवालीनं दुरुस्त केलं, अन् मी दुरुस्त झालो.

असं बरं चाललं असताना सप्टेंबरात उज्माचा फोन आला. आवाजात मीठ नव्हतं. टपालानं एक अर्ज आला होता, बिनसहीचा. तिनं तो टाइप करून पाठवला अन् मास्तरनं मले वाचून दाखवला, म्हणजे गल्लीलेही. 'सदरहू इसम खुशालराव हा चार वर्षांपासून अंध असून, डोळे गेलेल्या माणसाच्या हातून असे लेखन होणे अशक्य आहे. त्याचे सर्व लेखन त्याची सून लिहिते. इयत्ता चौथीतसुद्धा त्याचा गृहपाठ दुसराच लिहून देत असे.' (चौथीतल्या गृहपाठाची गोष्ट जगात दोनच माणसायले माहीत आहे. त्यातला एक मी. असो.) नियम तो नियम. अकोल्याच्या मेळाव्यात सगळे लिहिणारे मिळून ठरवतील, तोवर पान बंद, असं उज्मा म्हणाली. तिलेही ते जड गेलं. मी म्हटलं, बंद कर, नियमाले मीच शाबास म्हटलं होतं. पण फोन ठेवला अन् दोन दिवस घास उतरला नाही. नोकरी संपली तेव्हा मी रडलो नाही, डोळे गेले तेव्हा रडलो नाही. माझ्या लिहिण्यावरचं माझं नाव गेलं तेव्हा रडलो, तोंडावर दुपट्टा घेऊन.

मेळाव्याच्या दिवशी मी, सुभद्रा अन् प्राजक्ता एसटीनं जाणार होतो. सकाळी दारात पाह्यलं (म्हणजे ऐकलं), तर काळी-पिवळी उभी, अन् तिच्यात अकरा माणसं आधीच बसलेली. मोतीराम ड्रायव्हरच्या बाजूले, कारण त्याले गाडी लागते. पंचफुलाबाईनं दुकान बंद ठेवलं होतं. मी म्हटलं, तुमचं काय काम? म्हणे, लेख आमचाही आहे. मूर्तिजापूरले चहा झाला, मोतीरामची उलटी झाली, अन् अकराले आमी अकोल्याच्या मंगल कार्यालयात पोचलो. दीडशे लिहिणारे जमले होते. अध्यक्षस्थानी वच्छलाताई म्हणून एक बुढी बाई, संत्र्याची बागवाली. ठरलं असं, की मी मंचावर बसाचं अन् ते देतील त्या विषयावर सगळ्यायसमोर दहा ओळी लिहाच्या. मी बसलो. बोटं मोडली. मास्तर म्हणे, 'लिहायची चौक...' अन् लाइन गेली.

भारनियमन. उज्मानं वेळापत्रक पाहून ठेवलं होतं, त्यात लाइन संध्याकाळी जाणार होती. पण आपल्याकडं वेळापत्रक लाइनीले कोणी दाखवत नाही. पंखे थांबले. मागून कोणीतरी बोललं, गेली लाइन, गेला लेखक. सभागृह हसलं. खरं सांगतो देवमन, हात त्या मुक्या बटनायवर तसेच राहिले. इतकं आंधळं मले आंधळं झालो त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात बांगड्या वाजल्या. पंचफुलाबाई उभी राहिली होती. म्हणे, डिंक्याचा लेख म्या ऐकला हाय, सांगतो. अन् तिनं मथळ्यापासून सुरुवात केली. ओळीमागं ओळ, मास्तरच्याच सर्दीच्या आवाजात. मधात म्हणे, "इथं यायनं चुना दोन किलो लिवला होता, मंग म्या ओरडली, मंग चार डाव खोडलं, मंग एक किलो लिवलं. सून तवा माहेरी होती." तिकडून मोतीराम उठला. म्हणे, चार डाव नाही, पाच डाव खोडलं. ती म्हणे, चार. तो म्हणे, पाच, मी मोजलं. गल्लीत दोन पार्ट्या पडल्या. दीडशे माणसांसमोर आमची वलगावची अकरा माणसं, एका आंधळ्यानं एक शब्द चार डाव खोडला की पाच डाव, यावर हातघाईवर आली. अध्यक्ष बुढीनं टेबल ठोकलं.

"लेख दुसऱ्यानं लिहिला असता," ती म्हणाली, "तर खोडलं किती डाव, याच्यावर कोणी भांडलं नसतं."

मग म्हणे, अन् सून लिवत होती तेव्हा मी आठ दिवस झाडायची वेदना समजून घेतली होती, माझी नऊ झाडं गेली. भाऊ स्वतः लिवाले लागला तवापासून एकही नाही गेलं. फरक मले माहीत हाय. तीच ती फोनवाली बाई निघाली, देवमन. तुमच्याच तालुक्यातली. (प्राजक्तानं उठून हात जोडले. बुढी तिले म्हणे, पोरी, तू कविता लिही, छान लिहिते, फक्त झाडाले हात लावू नको.) मग हात वर कराले सांगतलं. मले हात दिसत नाहीत, उज्मानं कानात सांगतलं, चाचा, सगळे. पुढं तिनं जाहीर केलं की दहाव्या डावाले पास झालेली चौकटच आता सगळ्यायले मिळंल, कारण डोळेवालेही तीच मागून राहिले आहेत. बटनाचा अर्थ त्यायलेही कळत नव्हता म्हणे, लाजेपोटी बोलत नव्हते. येताना मोतीरामले गाडी लागली नाही. आनंदाच्या भरात इसरला असंल.

तर असं झालं अकोल्याचं. मैनावहिनीले नमस्कार, लेकराबाळायले आशीर्वाद, अन् तुझ्या खोकल्याले अडुळशाचा काढा सांग.

तुझा भाऊजी,
खुशाल

ता. क. तो अर्ज कोणाचा, हे गल्ली मले रोज इचारते. पंचफुलाबाईनं त्याच्यासाठी एक झाडणी वेगळी काढून ठेवली आहे. मी नाव सांगत नाही म्हणून सगळे माझ्यावर रुसले.

दुसरा ता. क. देवमन, इथवरचं सगळं गल्लीनं ऐकलं. यापुढचं नाही ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा ती कानाची झाकणं लावून लिहून राहिलो. मैनावहिनीनं सुभद्राले सांगतलं, तू पेपर खिडकीत नेऊन वाचते म्हणे, अन् विहिरीची शेवटली पायरी तुले दोनदा हुकली. डाक्टरनं तेच नाव सांगतलं, माझ्यावालं. तेव्हा मले कळलं की अर्जातला तो 'अशक्य' शब्द तू माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी लिहिला होता. माझा राग तिथंच सरला. भिऊ नको. मीही भ्यालो होतो, कोणाले बोललो नाही, ते वाईट केलं. भाऊबीजेले ये, बहिणीकडून ओवाळून घे, अन् पंधरा दिवस राहा. उज्माले सांगून तुझ्या नावाचं पान उघडून ठेवलं आहे, कोरं आहे. चौथीत तू माझा गृहपाठ लिहून देत होता. आता मी तुझा लिहून देणार नाही, तुलेच शिकवणार आहे. थोडं दिसते तोवर शिकलं की सोपं जाते. अक्षरं मोठी यासाठी काढली, की हे तुले दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्याचं काम पडू नये. छापलंही मीच, पाकीटही मीच चिकटवलं.

तिसरा ता. क. आत्ताच पंचफुलाबाई खिडकीत येऊन इचारून गेली, भाऊ, आज मास्तर मुका काहून? मी म्हटलं, देवमनले संत्री मागून राहिलो, लाज वाटते म्हणून हळू. तेव्हा येताना आंबिया बहाराची एक पेटी घेऊन येच. रिकाम्या हातानं आलास तर मी गल्लीत खोटा ठरीन, अन् खोटं लिहिणाऱ्याचं पान बंद होते, नियम तुले माहीत आहे.